भिंतीतला पिंपळ

आमच्या आणि शेजारच्या सोसायटीमधल्या भिंतीतून पिंपळ उगवलाय. वीतभरच आहे, पण भेग रुंदावत चाललीय. मुलुंडात एरवी अशा रोपट्याला कोण विचारतो? रंगारी येतो, खरवडून टाकतो. याला मात्र दोन रंगाऱ्यांनी हात लावला नाही. दोन्ही कमिट्या म्हणतात, भिंत तुमची.

आम्ही तळमजल्यावरच्या, कपडे वाळत घालता घालता भिंतीवरून बोलतो. काल पलीकडच्या काकूंना म्हटलं, "तुम्हीच उपटा ना." काकू आरवलीच्या. हातातला चिमटा तसाच धरून म्हणाल्या, "माका सांगतंस? तुझे हात मोडले काय गो?"

झालं, भुतांचा विषय निघाला. मुंज झालेला आणि सोडमुंजीच्या आत गेलेला पोर म्हणजे मुंजा, त्याचं बिऱ्हाड पिंपळावर. २०२४ च्या सिनेमात त्याला भलताच उग्र दाखवलाय, याचा काकूंना राग. "पोर ता. लगीन करा म्हणता, तेवढाच." हडळीचं नाव निघालं की आवाज उतरतो: पावलं उलटी, पुढून भरलेली, पाठीकडून नुसता सापळा. गिऱ्हा पाण्यातला. त्याच्या डोक्याचा केस हाती लागला की तो आपला गडी, सांगू ते आणून देतो. (मी मनातल्या मनात आमच्या बाईच्या सुट्ट्या मोजल्या.) चकवा लागला तर रात्रभर एकाच जागी फेऱ्या. "वाट गावणा नाय. गप बसान ऱ्हवाचा."

कोकणातल्या असल्या समजुतींवर एन्थोव्हेनसाहेबाचं १९१५ चं पुस्तक आहे, असं मी मध्येच घुसडलं. नाशकात १९०९ साली मारला गेलेला कलेक्टर जॅक्सन, त्याची ती टिपणं; शाळामास्तरांकडून मागवलेली. काकू म्हणाल्या, "मास्तर रात्री भायर पडत तरी होते काय?"

आपल्या गावच्या वेतोबापाशी आल्यावर मात्र त्यांनी बादली खाली ठेवली. त्याला भूत म्हणायचं नाही. तो भुतांचा राजा, गावाचा राखणदार. नवसाला केळीचा घड आणि चामड्याच्या चपला, त्याही हातभर लांब. देवळात त्यांची रांग असते. रात्री तो गावभर फिरतो, म्हणून त्या झिजतात. "मी बघलंय. टाचेकडसून झिजतत." पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची, तेव्हा गावात ते लाकूड घराला लावत नाहीत.

"मग इथे कोण फिरतं?"

"हयसर? वाचमन. तो दहाक निजता."

२०१८ च्या जानेवारीत इथल्याच नाणेपाड्यात बिबट्या घुसला होता, माणसं जखमी झाली होती, ते मला आठवलं. काकू म्हणाल्या, "राखणदार देवचार आसतो तर शिवेरच आडवल्यान आसतो."

बादली उचलून त्या वळल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "आणि गो, भिंत तुमचीच. आमच्या सेक्रेटरीन कागद काढल्यान हा."