घातली कोणी, काढणार कोण?

लघवीची नळी घालायला पाच मिनिटं पुरतात. काढायला ‘ऑर्डर’ लागते.

मोठी शस्त्रक्रिया, तुंबलेली लघवी, अत्यवस्थ रुग्णाच्या लघवीचा तासातासाचा हिशेब. नळीची ही कारणं पटतात. पण ‘आजोबांना सारखं उठवणार कोण?’ हा आजार नेमका कोणाचा? आजोबांचा तर नव्हे.

डॉ. संजय सेंट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत डॉक्टरांनाच विचारलं: तुमच्या कोणकोणत्या रुग्णांना नळी आहे? २००० साली उत्तरं प्रसिद्ध झाली. नळी असलेल्या रुग्णांपैकी २१ टक्क्यांची नळी वैद्यकीय विद्यार्थ्यांना माहीत नव्हती. वरिष्ठ डॉक्टरांना ३८ टक्क्यांची.

अज्ञानालाही बढती मिळते म्हणायची.

जंतूंची हजेरी मात्र चोख. नळी आत राहील त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीच्या संसर्गाचा धोका साधारण ३ ते ७ टक्क्यांनी चढतो. म्हणून खरा उपाय फुकटातला: गरज संपली की त्याच दिवशी नळी काढा. काही ठिकाणी हा अधिकार नर्सलाच दिलाय. आपल्याकडे? नळी सिस्टरनं घालायची, पिशवी सिस्टरनं बघायची, काढायची मात्र विचारून.

आता पिशवीकडे वळू. ती कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. एक्स-रेला निघालेल्या स्ट्रेचरवर ती कुठे असते? रुग्णाच्या पोटावर. साचलेली लघवी आल्या वाटेनं परत निघते आणि वॉर्डबॉय म्हणतो, नीट ठेवलीय!

पलंगाला पिशवी अडकवायची जागा असते. तिथे आपण मोसंबी लटकवतो.

पिशव्या रिकाम्या करायला अख्ख्या वॉर्डात एकच भांडं. इतकी समता देशात दुसरीकडे कुठे दिसते? प्रत्येक रुग्णाला वेगळं भांडं द्यायचं, दोन रुग्णांच्या मध्ये हात धुवायचे. ‘हातमोजे आहेत की!’ आहेत ना. सकाळपासून तेच आहेत.

मग येतं कल्चर, म्हणजे लघवीतल्या जंतूंची तपासणी. ताप नाही, दुखणं नाही, तरी पाठवा. नळी बरेच दिवस असेल, तर जंतू सापडणारच. नुसते सापडले म्हणून मारायचे नसतात. गर्भारपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया असले अपवाद सोडले, तर लक्षणं नसताना अँटिबायोटिक नको. पण रिपोर्ट हातात पडल्यावर गप्प बसायला धैर्य लागतं. त्यापेक्षा इंजेक्शन सोपं. दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात, आणि पुढचं इंजेक्शन आणखी महाग असतं.

२००८ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्यानं हात वर केले: नळीमुळे रुग्णालयातच लागलेल्या संसर्गाचे जादा पैसे आम्ही देणार नाही. चूक तुमची, खर्च तुमचा.

आपल्याकडे असं काही सुचवून बघा. बिलात सुचवण्याचेही पैसे लागतील.