तडा गेलेली कयाक : नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शन (चित्रांविना)

ज्यांनी तारकर्लीला अर्धा तास कयाक चालवली, त्याच तारेत हंगाम संपताना कुणीतरी विकायला काढलेली जुनी प्लास्टिकची कयाक स्वस्तात घेतली, गाडीच्या टपावर बांधून आंबोली घाटाने वर आणली आणि सोसायटीत उतरवल्यावर मग ती उलटी करून पाहिली, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. उलटी करून आधी पाहायची असते. असो. त्यानंतर ती गच्चीवर ऊन खात पडली, आता देवबागची सहल ठरली आहे, मंडळींनी रजा टाकल्या आहेत आणि कयाकच्या बुडाला वीतभर तडा आहे.

पायरी पहिली : भोकं बुजवू नका. वर बसून चालवायच्या कयाकला बैठकीपासून थेट तळापर्यंत आरपार गेलेली भोकं असतात. वर आलेलं पाणी त्यांतून आपोआप खाली निघून जातं. नवशिक्याच्या घरी ही गोष्ट कुणालाच ठाऊक नसते. सासरे चष्मा पुसून म्हणतात, ‘‘जावईबापू, तडा राहू द्या, आधी ही भगदाडं बघा!’’ आणि संध्याकाळपर्यंत सगळी भोकं सिमेंटने लिंपून मोकळे होतात. सासऱ्यांना चहा द्या आणि गच्चीचं दार लावून घ्या.

पायरी दुसरी : खरा तडा शोधा. तो बहुधा तीन ठिकाणी सापडतो. वाळूवरून आणि खडकांवरून फरफटत नेल्याने झिजलेला तळाचा मागचा भाग, बैठकीची खालची बाजू, आणि त्याच आरपार भोकांच्या कडा. कयाकमध्ये पाणी भरून गळती शोधायची कल्पना तुमच्या शेजाऱ्यांना सुचेल. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. पोटभर पाणी प्यायलेली कयाक सहज दोनशे किलोंच्या वर जाते आणि दोन विटांवर टेकवलेली असेल तर वीतभराचा तडा हातभर होतो. त्यापेक्षा पंक्चरवाल्याची विद्या वापरा. बाहेरून साबणाचं पाणी फासा, पाणी काढायच्या बुचातून पंपाने हलकी हवा सोडा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा. टायरचा कॉम्प्रेसर लावू नका. कयाक फुगवायची वस्तू नाही.

पायरी तिसरी : चिकटवू नका. इथे वाचक हिरमुसणार, कारण एमसीलची कांडी, फेविक्विकच्या चार पुड्या आणि मेव्हण्याने ‘‘दाजी, हे विमानालासुद्धा लावतात’’ म्हणून दिलेली ट्यूब एव्हाना टेबलावर मांडून झालेली असते. दोष यांपैकी कशाचाच नाही. कयाक पॉलिएथिलिनची असते आणि पॉलिएथिलिनचा पृष्ठभाग कुणालाही धरून ठेवत नाही. पुरावा घरातच आहे : गोंद आणि झटपट चिकटवणारी द्रावणं ज्या बाटल्यांतून येतात त्या बऱ्याचदा याच प्लास्टिकच्या असतात. तिथे ती चिकटली असती तर बाटलीतून बाहेर आलीच नसती. इपॉक्सीची लांबी तड्यावर छान बसते, वाळते, तिच्यावर टिचकी मारली की टणक आवाजही येतो. मग कयाक पाण्यात जराशी लवते आणि लांबीचं खापर अखंड निघून तळाशी जातं. मालवणच्या जुन्या होडीवाल्याला विचारलंत तर तो फटीत कापूस आणि राळ भरायला सांगेल. लाकडापुरतं त्याचं म्हणणं बरोबर आहे.

पायरी चौथी खरं तर पहिली असायला हवी होती : टाकीवाल्याला गाठा. तुमच्या गच्चीवर कयाकच्या शेजारी जी काळी पाण्याची टाकी उभी आहे, ती आणि कयाक ही सख्खी भावंडं आहेत. पॉलिएथिलिनची भुकटी साच्यात घालायची, साचा भट्टीत फिरवत ठेवायचा, भुकटी वितळून आतल्या बाजूला सारखी बसते, गार झालं की पोकळ वस्तू बाहेर. दोन्ही अशाच बनतात. म्हणून फुटलेल्या टाक्या सांधत गावभर हिंडणारा वेल्डिंगवाला हाच आपल्याकडचा कयाकतज्ज्ञ. त्याने आयुष्यात कयाक पाहिलेली नसते, पण पाच मिनिटांत त्याला ती कळते. फक्त ‘होडी’ हा शब्द उच्चारू नका, दर वाढतो. ‘लांबट टाकी आहे’ म्हणा.

तो काय करतो ते पाहत उभे राहा, म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हाला जमेल. न जमल्यास निदान सूचना देता येतील. तड्याच्या दोन्ही टोकांना तो तीनेक मिलिमीटरचं भोक पाडेल. इथे घरचे ओरडतात : फुटक्यात आणखी भोकं! पण सगळा ताण तड्याच्या अणकुचीदार टोकाशी साठतो आणि तिथूनच तडा पुढे धावतो. टोक गोल केलं की त्याची वाट बंद होते. मग तो तड्यावर इंग्रजी व्हीसारखी खाच कोरेल आणि उन्हाने मेलेला वरचा थर खरवडेल. वेल्डिंगची कांडी त्याच जातीच्या प्लास्टिकची हवी. कुठलंही वितळणारं प्लास्टिक चालत नाही. पाण्याची पारदर्शक बाटली वेगळ्या जातीची. पॉलिएथिलिनचा कपटा पाण्यावर तरंगतो, बाटलीचा बुडतो.

पॉलिएथिलिन साधारण १२० ते १३० अंशांना वितळतं. खरी मेख इथे आहे. कांडी आणि कयाक, दोन्ही एकाच वेळी वितळायला हव्यात. नुसती कांडी वितळली तर ती तड्यावर झोपून राहते आणि गार झाल्यावर पकडीने ओढली की सबंध सुटून येते. फार तापवलं तर प्लास्टिक तपकिरी होऊन धुरतं. तेवढं खरवडून पुन्हा सुरुवात. तडा मोठा असेल तर सांध्यात स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी दाबून घ्या. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला मिळेल. खिडकीची जुनी लोखंडी जाळी कापून वापरू नका, खाडीचं खारं पाणी तिला महिनाभरात खाईल. सांधा आपोआप गार होऊ द्या. वरून तांब्याभर पाणी ओतण्याचा मोह आवरा.

दोन प्रसंगी वेल्डिंगवालाही हात जोडतो. काही कयाकींचं प्लास्टिक असं बांधलेलं असतं, की ते पुन्हा वितळतच नाही. आतल्या कोपऱ्यात तापवलेला खिळा टेकवून पाहा : तार निघाली तर ठीक, नुसतं करपलं तर वेल्डिंग विसरा. दुसरा प्रसंग म्हणजे नखाने ओरबाडल्यावर खडूसारखी पूड आणि सगळीकडे बारीक भेगांचं जाळं. मग तडा हा आजार नसून ते म्हातारपण आहे. या कयाकमध्ये कोथिंबीर चांगली येते.

सहल उद्यावर आली आणि वेल्डिंगवाला गावाला गेला, तर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची ब्यूटिल टेप घ्या. जागा घासा, स्पिरिटने पुसा, कोरडी करा आणि टेप दाबून बसवा. ही मलमपट्टी आहे. काठाकाठाने तासभर फिरायला पुरते, कर्ली खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीला तोंड द्यायला पुरत नाही.

आणि दुरुस्ती कुणीही, कितीही झकास केलेली असो, पहिली परीक्षा कंबरभर पाण्यात घ्या. अर्धा तास वल्हवून काठाला या, बूच काढा, कयाक तिरकी करा. पेलाभर पाणी निघालं तर चालेल. बादलीभर निघालं तर त्या दिवशी सोलकढी पिऊन परत या. लाइफ जॅकेट दोन्ही परिस्थितींत अंगावर हवं, बंद लावलेलं. टपावर बांधून ठेवलेलं नको.