वलणीवरची जनगणना

निवृत्त झालं की माणसाला घरात एखादं खातं मिळतं. कुणाला दूध-भाजी मिळते, कुणाला वीजबिल. मला वलणी मिळाली. धुतलेले कपडे झटकून वाळत घालायचे, पावसाची सर आली की धावत जाऊन ओढायचे आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून घड्या घालायच्या. खातं बिनवजनाचं, त्यात मंत्रिपदाची शान नाही. पण घरात कोण काय घालतं आणि कोण काय नुसतंच विकत घेतं, याची पक्की माहिती या एकाच खात्याकडे असते.

गेल्या रविवारी नातवाचं कपाट पडलं. प्लॅस्टिकचं, पाच खणांचं. सुनेनं तिसरा खण ओढला, तो अर्ध्यावर अडला, तिनं जोर लावला आणि अख्खं कपाट नमस्कार घातल्यासारखं पुढे आलं. नातू बावीस महिन्यांचा. त्यानं टाळ्या वाजवल्या. सून म्हणाली, "बाबा, आता आणखी एक कपाट घ्यायलाच हवं."

मी म्हटलं, आधी मोजू. देशाची २०२१ ची जनगणना लांबतच गेली. निदान घरातली तरी वेळेवर उरकू.

मोजणी दुपारच्या चहापर्यंत चालली. एकूण नग १४३. यात मोजे धरलेले नाहीत, कारण एकाही मोज्याला जोडीदार सापडला नाही. मग मी माझं वलणीचं दप्तर, म्हणजे माझी स्मरणशक्ती, उघडलं. या १४३ पैकी गेल्या महिन्याभरात वाळत घालायला माझ्या हाती आलेले नग: ११. उरलेले १३२ काय करतात? ते कपाटात राहतात आणि कपाट पाडतात.

या १३२ जणांची वर्गवारी अशी.

पहिला वर्ग बारशाचा. मूल जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं आणि वर्षाचं होईतो ७५ च्या आसपास पोचतं. वजन पाचेक महिन्यांत दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. जन्मल्यानंतर या वेगानं माणूस पुन्हा कधी वाढत नाही. आणि नेमका हाच मुहूर्त साधून सगळा गोतावळा त्याला 'शून्य ते तीन महिने' या मापाचे कपडे देतो. आमच्याकडे पारदर्शक झाकणाचे अठरा खोके आले. प्रत्येकात झबलं, टोपडं, लाळेरं, हातमोजे आणि हे सगळं ताठ उभं राहावं म्हणून पुठ्ठा. हिशेबानं नातवानं दर पाच दिवसांना एक खोका संपवायला हवा होता. त्यानं ते दिवस झोपून काढले. तीन महिन्यांनी खोके नवे राहिले आणि मूल जुनं झालं.

दुसरा वर्ग मोठ्यांच्या लहान कपड्यांचा. यात एक जीन्स निघाली, 'तीन ते सहा महिने' मापाची. तिला चार खिसे, त्यातला एक मागे, बहुधा पाकिटासाठी. गुडघे मुद्दाम फाडलेले. जो अजून रांगला नव्हता त्याचे गुडघे आधीच फाटलेले! एका शर्टावर, मीच या घरचा बॉस आहे, अशा अर्थाचं इंग्रजी छापलेलं. हे सगळ्यांना ठाऊक असताना छापायचं कशाला, ते मला कळलं नाही.

तिसरा वर्ग सर्वांत तेजस्वी: सणवार आणि जयंत्या. जानेवारीत बोरन्हाणाचं काळं झबलं. फेब्रुवारीत शिवजयंतीचा मावळा. आषाढीला वारकरी. गोकुळाष्टमीला कृष्ण, गणपतीत फेटा-जाकीट. नवरात्रात नऊ दिवस नऊ रंग, आणि हे रंगांचं खूळ घरोघर पोचवण्याचं पुण्य आम्हा वर्तमानपत्रवाल्यांचंच असल्यामुळे त्यावर मी गप्प बसतो. या पोशाखांचं आयुष्य फोटो निघेपर्यंत. मावळ्यानं पगडी चार मिनिटं ठेवली, पाचव्या मिनिटाला ती फेकून स्वराज्य मिळवलं. शाळा लागायची आहे अजून. ती लागली की 'लाल दिवस' आणि 'पिवळा दिवस' सुरू होतील, म्हणजे सुनेचं दुसरं कपाट दूरदृष्टीचंच म्हणायचं.

हे सगळं आणलं कुणी, याची चौकशी करण्याची माझी तयारी होती. पण सुनेनं शांतपणे सांगितलं की मावळा माझ्या पेन्शनमधून आला, वारकरी माझ्या पेन्शनमधून आला, आणि चार खिशांची जीन्स 'तीन घ्या, दोनाचे पैसे द्या' या पाटीखाली मीच उभा राहून निवडली होती. चौकशी समिती तिथल्या तिथे बरखास्त झाली.

मग ही म्हणाली, "अहो, पण किती लागतात ते तरी सांगा." प्रश्न रास्त होता. टीका करणाऱ्यानं आकडा द्यायला हवा.

माझ्या आईकडे आकडा होता. विरलेल्या धोतराचे डझन-दीड डझन लंगोट, कारण तान्हं मूल दिवसाला तेवढे सहज भिजवतं. सहा झबली, बटणाची नव्हे, बंदांची. बंद सैल करता येतो म्हणून झबलं दोन महिने जास्त चालतं. दोन टोपडी, एक कुंची, आणि जुन्या सुती लुगड्याची दुपटी. पहिलं झबलं मात्र नवं घालायचंच नाही. शेजारपाजारच्या एखाद्या धडधाकट मुलाचं जुनं मागून आणायचं. दृष्ट लागत नाही म्हणे. दृष्टीचं मला ठाऊक नाही, पण पन्नास वेळा धुतलेलं कापड मऊ असतं आणि नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला टोचते, एवढं वलणीवर कळतं.

थोडं मोठं झालं की शिंप्याला एकच हुकूम: वाढत्या अंगाचं शीव. बहिणीच्या परकराला खाली चार बोटं दुमड असायची. दर दिवाळीत एक बोट उसवायचं. उन्हानं विटलेल्या परकराच्या तळाशी मूळ रंगाची गडद पट्टी उघडी पडायची, पुढच्या वर्षी तिच्याखाली दुसरी. झाडाचं वय वर्तुळांवरून मोजतात, तसं बहिणीचं वय परकरावरून मोजता यायचं. तिला ती पट्टी मुळीच आवडायची नाही, हेही सांगायला हवं. टंचाईला संस्कृती म्हणण्याची सोय फक्त म्हाताऱ्यांनाच असते.

म्हणून मी भावना बाजूला ठेवून वलणीचं गणित मांडलं. मूल दिवसाला किती जोड खराब करतं, गुणिले कपडा किती दिवसांत वाळतो, अधिक अंगावरचा एक. आमचा नातू दिवसाला तीन जोड माखतो: एक वरणभातानं, एक पाण्यानं, एक कशानं ते सांगता येत नाही. एप्रिलात सकाळी घातलेलं दुपारी कडकडीत वाळतं. म्हणजे तीन अधिक एक, चार. एक वर धरा, पाच. जुलैत डोंबिवलीच्या गॅलरीत तोच कपडा तीन दिवस लोंबतो आणि वर कुबट वास देतो. तीन त्रिक नऊ, अधिक एक, दहा. उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात दहा. गरज मुलाच्या वयावर ठरत नाही, बापाच्या पगारावर तर नाहीच. ती उन्हावर ठरते.

या गणिताला पाण्याचीही एक बाजू आहे. मोठ्या माणसाच्या एका सुती टी-शर्टामागे, शेतातल्या कापसापासून धरलं तर, सुमारे २,७०० लिटर पाणी जातं असं सांगतात. नातवाचा कपडा त्याच्या पाव धरला, तरी १४३ नगांचे नऊ-दहा टँकर होतात. मे महिन्यात आमच्या सोसायटीत रोज दोन टँकर येतात आणि तिसऱ्यासाठी सभा होते. इथे पाच खणांत दहा उभे होते आणि त्यावर घर बेसावध झोपत होतं.

सरकारचंही या बाबतीत धोरण आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेतल्या पात्र मुलाला वर्षाला दोन गणवेश, दोन्हींचे मिळून ६०० रुपये. २०२४ मध्ये आपल्याकडे 'एक राज्य एक गणवेश' आलं, आणि कित्येक शाळांत पंधरा ऑगस्ट उलटला तरी एकसुद्धा गणवेश आला नाही. वर्ष सरता सरता ते काम पुन्हा शाळांच्या समित्यांकडे गेलं. मी आजवर यावर तावातावानं बोलत आलो: मुलाला वर्षाला फक्त दोन? सरकारला लाज कशी वाटत नाही?

बुधवारी मी जादा नग बोहारणीपुढे मांडले. तिनं मावळा उचलून पाहिला, वारकरी उचलून पाहिला आणि परत ठेवले. "आजोबा, एवढ्याशा कापडाचं कोण काय करणार? आजींची एखादी साडी असली तर बघा." १३२ नगांना एक चहाची गाळणीसुद्धा आली नाही.

आता त्या अकरांतल्या एका नगाविषयी, कारण महिन्यातून एकोणीस वेळा तो माझ्या हाताखालून गेला. हत्तीचं चित्र असलेलं बनियन. विकत घेतलेलं नाही, माझ्या मावसबहिणीच्या नातवाचं जुनं. गळा सैल, रंग कोणता ते ओळखू न येणारा, आणि धुऊन धुऊन हत्तीची सोंड गेलेली. नातवाला सोंडेची गरज वाटत नाही. तो त्याला "हत्ती" म्हणतो.

गुरुवारी धो धो पाऊस. हत्ती वलणीवर ओला. नातू खाली उघडा उभा राहून वर बोट दाखवत होता. सुनेनं फेटा-जाकीट दाखवलं. मान हलली. हिनं बॉस दाखवला. भोकाड. मी माझा मावळा आणला. तो माझ्याच अंगावर परत आला. अखेर हत्ती उतरवला, पंख्याखाली धरला, मग इस्त्री फिरवली. वाफ निघत राहिली. तोवर त्याला थंडी वाजू नये म्हणून अंगात काहीतरी अडकवलं. काय, ते त्यानं बघितलंही नाही, तो इस्त्रीकडे बघत होता.

तेव्हा मी जनगणनेचा अंतिम आकडा वहीत लिहिला. मुलाला कपडे लागतात एक; आणि तो वाळेपर्यंत आणखी एक.

म्हणजे दोन. सरकारचं बरोबर होतं. फक्त ते वेळेवर मिळायला हवेत.