नेट लावणे

साताऱ्यातलं आमचं घर आजोबांनी बांधलं तेव्हा भिंतीतून काहीही आरपार जाऊ नये, एवढाच हेतू होता. ऊन, पाऊस, चोर आणि शेजारच्यांचं बोलणं, या चौघांचा बंदोबस्त त्या दीड फुटी दगडी भिंतींनी आजवर चोख केला. वायफाय पाचवं. गवंड्याला दोष देता येत नाही. त्याने सांगितलेलं काम केलं.

फायबरचा डबा ओसरीवर आहे. तो तिथे असण्यामागे काही विचार असेल असं मला बरेच दिवस वाटत होतं. वायर टाकायला आलेल्या मुलाची वायर तिथे संपली, हे नंतर कळलं. त्यामुळे ओसरीवर सगळ्या दांड्या, माजघरात दोन, स्वयंपाकघरात एक, तीही खिडकीशी उभं राहिलं तर. त्यापलीकडे मागची खोली. तिथे अण्णा दुपारी जेवून आडवे होतात आणि फोनवर कीर्तन लावतात. मागच्या खोलीत नेट नाही असंही म्हणता येत नाही, कारण वायफायची खूण दिसते. खूण दिसते, बुवा अभंगासाठी तोंड उघडतात, आणि त्यांच्या नाकावर एक चक्र फिरू लागतं. बुवा तसेच आ वासून उभे. अण्णांचा चहा होतो, बुवांचा अभंग होत नाही.

अण्णांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, धोमच्या कालव्यावर गेली. त्यांनी निदान लगेच केलं. "माझी खोली टेलला आहे. हेडवाले उपसा करतात, टेलला कोरडं." हेडला म्हणजे ओसरीवर माझा पुतण्या बसतो. तो काय उपसतो हे विचारायचं नसतं.

भाऊ तिथेच राहतो. तो म्हणाला, "मला यातलं काही कळत नाही." इतकं मोलाचं वाक्य मी त्याच्या आधी म्हणायला हवं होतं. कुटुंबात ते एकालाच म्हणता येतं. पहिला म्हणून मोकळा होतो आणि उरलेला तज्ज्ञ ठरतो. मी पुण्याहून रविवारी येणारा, शिवाय कॉम्प्युटरवर बसून काम करणारा. कॉम्प्युटरवर मी विम्याचे क्लेम तपासतो, पण हा तपशील कोणी ऐकून घेतला नाही.

उपाय पुतण्याने मान वर न करता सांगितला. "काका, जुना राउटर कपाटात पडलाय. त्याचा ॲक्सेस पॉइंट करा. पाच मिनिटांचं काम." पाच मिनिटांची कामं सांगणारे लोक ती स्वतः कधी करत नाहीत, हे मी नोंदवून ठेवतो.

मराठीत नेट लावणे हा वाक्प्रचार कॉम्प्युटरच्या फार आधीचा. तेव्हा तो नेट होता, पुल्लिंगी. गाळात रुतलेल्या गाडीला खांदा देऊन लावायचा. आता ते नेट झालंय, नपुंसकलिंगी, पण लावताना घाम तेवढाच येतो. गाडी निदान हलते तरी.

जुन्या राउटरचा पासवर्ड कोणाला आठवत नव्हता. त्याच्या पाठीमागे टाचणी जाईल एवढं भोक असतं. आत दहा सेकंद दाबून धरलं की तो सगळं विसरून नव्याने जन्माला येतो. टाचणी शोधायला पाऊण तास लागला. पूर्वी घरात प्रत्येक कॅलेंडरच्या मागे एक असायची. शेवटी आईने कानातलं काढून दिलं आणि म्हणाली, "वाकडं करून आणू नकोस."

नव्याने जन्मलेल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१. ओसरीवरच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर दिल्यावर पोस्टमनचं जे होईल ते झालं. मी मागच्या खोलीतल्या राउटरची सेटिंग्ज उघडली असं समजून अर्धा तास ओसरीवरच्या डब्याची सेटिंग्ज बदलत होतो. ती मात्र पहिल्या झटक्यात बदलली. पुतण्याने इतक्या वेळात प्रथमच मान वर केली.

दुसरी भानगड नंबर वाटण्याची. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला नेटवर यायला एक नंबर लागतो आणि तो राउटर देतो. हे काम करणाऱ्याला डीएचसीपी म्हणतात. एका घरात तो एकच असावा. दोन झाले की एका सज्जात दोन तलाठी: दोघेही आपापल्या दप्तरातून उतारे देणार, दोघांचे शिक्के खरे, आणि एकाच गटावर दोन मालक. आमच्याकडे टीव्ही आणि वहिनींचा फोन एका नंबरावर आले आणि दोघेही अधूनमधून बेपत्ता होऊ लागले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या मला अहो-जाहो करतात आणि रागावल्या की ताटात चटणी वाढायची विसरतात. त्या दिवशी विसरल्या.

म्हणजे ॲक्सेस पॉइंट करायचा तर दुसऱ्या तलाठ्याची सही काढून घ्यायची, त्याचा पत्ता बदलायचा, आणि ओसरीवरून येणारी वायर त्याच्या वॅन या भोकात न घालता शेजारच्या लॅनच्या भोकात घालायची. वॅनचं भोक वेगळ्या रंगाचं असतं, बाजूला असतं, आणि वायर इथेच घाला असं त्याच्याकडे बघून कोणीही म्हणेल. तिथे ती घालायची नाही. एवढंच आहे सगळं. ज्याने वॅनमध्ये घातली त्याचा राउटर पुन्हा राउटर होतो आणि घरात दोन संसार सुरू होतात. मी घातली होती.

वायर न्यायची होती ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत. इलेक्ट्रिशियन आला, भिंतीवर टकटक केली, आपल्या ड्रिलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ड्रिलचं पातं अर्ध्या फुटाचं, भिंत दीड फुटाची. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिथली घंटा वाजवून दाखवली होती, बघणाऱ्यांसमोर, जाहीर. त्या भिंती कोणत्या गवंड्याच्या होत्या कोण जाणे. आम्ही वायर माळ्यावरून नेली. माळ्यावर पाळणा, पितळी बंब आणि गौरींचे मुखवटे असतात. आईने मला मुखवट्यांना पाय न लावण्याची सूचना तीनदा केली, वायरबद्दल एकदाही नाही.

वायरीत आठ बारीक तारा असतात. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. या ओळीने नखाएवढ्या पारदर्शक टोपीत सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. सरकवताना एक तरी मागे राहते. चष्मा लावला की टोपी दिसत नाही, काढला की तारा दिसत नाहीत. चौथ्या टोपीला टेस्टरवर सात दिवे लागले, सातव्या तारेचा लागला नाही. मी पाचवी टोपी उचलली तेव्हा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "राहू द्या दादा, जुन्या राउटरला चारच लागतात." खरं होतं. शंभर एमबीपीएसपर्यंत १, २, ३ आणि ६ एवढ्याच तारा कामाला असतात. बाकीच्या चार नुसत्या हजर. अण्णांना यात काही नवल वाटलं नाही. ते म्हणाले, खात्यातही साधारण हेच प्रमाण होतं.

मग नेटवर्कचं नाव ठेवायचं होतं. पुतण्या म्हणाला, दोन्हीकडे एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवा, म्हणजे फोन आपोआप जवळचं घेतो. मी आडनाव ठेवलं. लगेच सगळ्यांनी नावं ठेवली. तसं वायफाय या शब्दालाच कुठे अर्थ आहे? १९९९ साली इंटरब्रँड नावाच्या नावं शोधून देणाऱ्या कंपनीने तो बनवून दिला. त्याची फोड करून सांगणारे भेटतात, पण मुळात फोड नाही. तिथपर्यंत जायला नको, ओसरीवरच्या डब्याच्या दुसऱ्या नावापुढे ५जी लिहिलंय, त्यावरून आईला वाटतं तिच्या ५जी फोनला तेच लागतं. ते ५ गिगाहर्ट्झ. त्याचा मोबाइलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही, आणि ते भिंतीपुढे आणखी लवकर हात टेकतं. हे समजावल्यावर आई म्हणाली, "मग लिहितात कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जुना राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. या पट्ट्यातली लहर साडेबारा सेंटिमीटरची, अर्ध्या वितीहून किंचित मोठी. भारतात २००५ पासून हा पट्टा वापरायला परवाना लागत नाही, हे मी अण्णांना जरा अभिमानाने सांगितलं. "म्हणजे विनापरवाना उपसा," अण्णा म्हणाले. "मग टेलला काय पोचणार?" मी समोरच्या नव्या अपार्टमेंटची नेटवर्कं मोजली. एकोणीस. प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं, कोणी बोलत नसेल तरच बोलतं. म्हणजे एकोणीस घरं एकमेकांना आधी आपण, आधी आपण करत बसलेली. अण्णांना ही पद्धत आवडली. पाळीपाळीने पाणी, आवर्तन.

रात्री आठ वाजता मागच्या खोलीत सगळ्या दांड्या आल्या. बुवांनी आ वासला आणि अभंग पुरा केला. मी शेवटची एसटी पकडली.

सोमवारी अण्णांचा फोन. नेट नाही.

"अण्णा, मागच्या डब्यावर कोणता दिवा लागलाय?"

"हिरवा."

"किती?"

"चार. सगळे हिरवेच आहेत. रंगावरून काही बोध होत नाही."

"डावीकडून दुसरा लुकलुकतोय का?"

थोडी शांतता. "डावीकडून म्हणजे कुठून? कालव्याचा डावा-उजवा काठ प्रवाहाकडे तोंड करून धरतात, पाणी जातं तिकडे बघत. याचा प्रवाह कुठून कुठे?"

मी क्लेमची फाइल बाजूला ठेवली. प्रवाहाचा विचार मी केला नव्हता.

मग फोनवरच उलगडलं. अण्णा सकाळी ओसरीवर पेपर वाचत बसतात, तिथे फोन ओसरीच्या डब्याला धरतो. दुपारी मागे येतात. नवा डबा उशापासून दोन हातांवर, चारही दिवे हिरवे. पण फोन सकाळच्याच डब्याला एका दांडीवर लोंबकळत असतो. कोणत्या डब्यावर जायचं हे डबा ठरवत नाही, फोन ठरवतो, आणि जुन्याचा अगदी जीव जाईपर्यंत तो सोडत नाही. आपोआप जवळचं घेतो, हे पुतण्याचं वाक्य मी पुन्हा आठवून पाहिलं.

"म्हणजे कोणत्या चारीने पाणी घ्यायचं हे शेत ठरवणार?" अण्णांनी विचारलं.

"हो."

"आमच्या वेळी असं नव्हतं."

उपाय एवढाच की मागे आल्यावर फोनचं वायफाय बंद करून चालू करायचं. नेटच्या कंपनीला फोन केला की मराठीसाठी तीन दाबून बावीस मिनिटं गाणं ऐकल्यावर हेच सांगतात. मी हेच सांगायला दोन रविवार, चार टोप्या आणि आईचं कानातलं खर्ची घातलं.

त्यानंतर अण्णांनी वही घातली. कालव्याचं गेज घ्यायची सवय. सकाळी आठ, बारा, चार आणि रात्री आठ, मागच्या खोलीत स्पीड टेस्ट करून आकडा लिहायचा. शेरा असेल तर शेरा. पुढच्या फेरीला मी आलो तेव्हा त्यांनी ती वही पुढे सरकवली. रोज रात्री आठच्या पुढे आकडा गडगडत होता, चाळीसवरून तीनवर, आणि दहा मिनिटांत परत वर. मी राउटरला, कंपनीला, अपार्टमेंटमधल्या एकोणीस घरांना दोष देऊन झालो. अण्णा म्हणाले, "आठला दूध तापतं."

मागच्या खोलीच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. भिंतीला लागून मायक्रोवेव्ह. तो चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, माझा राउटर होता अकरा नंबरच्या चॅनेलवर, अगदी शेजारी. ओव्हनची गळती थोडीशीच, पण कुजबुजणाऱ्याच्या कानाशी कोणी मिक्सर लावावा तशी. दूध गॅसवर तापवावं असं मी सुचवलं. आईने मायक्रोवेव्ह कोणी आणून दिला होता याची आठवण करून दिली. मी चॅनेल एकवर नेला. बराच फरक पडला. शोध अण्णांचा, हे घरात सर्वांना मान्य आहे. भाऊ तर म्हणाला, त्याला आधीपासून मायक्रोवेव्हचाच संशय होता. यातलं काही न कळणारा तो.

निघताना मी वही चाळली. हिशेबी अक्षर, पेनाने रेघा मारलेले रकाने. शेवटच्या पानावर त्या दिवसाची नोंद होती.

"रविवार. ८.००: प्रवाह चांगला, ४१. १०.४०: धाकटा आला. ११.०५: दुरुस्ती सुरू, प्रवाह बंद. १२.००: बंद. ४.००: बंद. धाकटा माळ्यावर. ७.१०: दुरुस्ती पूर्ण, ३८. ७.२५: धाकट्याने आणखी एक सुधारणा केली, बंद."

पुढची वेळ लिहून ठेवली होती, ८.३०, माझ्या एसटीची. रकाना कोरा होता.