रिंग बांधू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

आधी प्लॉट बघा. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या ‘इंडस-२’ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या रिंगचा परीघ १७२.४७ मीटर आहे, म्हणजे व्यास झाला साधारण ५५ मीटर. बिल्डर काहीही सांगो, पंधराशे चौरस फुटांत हे बसत नाही. ईशान्य कोपराही शोधत बसू नका, वर्तुळाला तो नसतो. कणांच्या टकरी लावायची हौस असेल तर जिनिव्यासारखी २७ किलोमीटरची रिंगही लागू शकते. इंदूरकरांनी शहाणपणानं टक्कर टाळली. २००५ पासून इंडस-२ मध्ये इलेक्ट्रॉनांचा एकच झोत फिरतो आणि वळताना तो जो प्रकाश टाकतो, त्यावर प्रयोग चालतात. चुंबकांची दुखणी मात्र दोन्हीकडे तीच, तेव्हा हात इथेच बसवा.

चुंबकांचं सामान: १६ डायपोल, ७२ क्वाड्रुपोल, ३२ सेक्स्टुपोल. रिंगचे आठ सारखे तुकडे करून प्रत्येकात २, ९ आणि ४ वाटा. या मांडणीला लॅटिस म्हणतात. प्रत्येक डायपोल झोत साडेबावीस अंशांनी वळवतो. सोळांची बेरीज ३६० भरते का ते एकदा बघून घ्या, इलेक्ट्रॉन उधारी ठेवत नाही.

क्वाड्रुपोल झोत आवळतो, पण आडवा आवळला की उभा सैल सोडतो. हा मॅक्सवेलचा नियम, इथे वशिला चालत नाही. म्हणून आवळणारे आणि सोडणारे आलटून पालटून लावायचे. एका फेरीत इलेक्ट्रॉन जितके हेलकावे खातो, ती त्याची ट्यून. ती पूर्णांक ठेवू नका. तशी ठेवली तर चुंबकातली एखादी बारीकशी चूक त्याला दर फेरीला त्याच लयीत ढकलते, आणि फेऱ्या सेकंदाला १७ लाखांवर होतात.

इथवर सगळ्यांचं जमतं. घोळ पुढे आहे. सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसते. जास्त ऊर्जेवाल्याला क्वाड्रुपोल कमी आवळू शकतो, त्याची ट्यून घसरते. हीच क्रोमॅटिसिटी, आणि हात न लावता सोडली तर ती उणेच भरते. मग झोतातल्या इलेक्ट्रॉनांच्या गुच्छाच्या पुढच्या टोकानं मागे सोडलेलं विद्युतक्षेत्र शेपटाला हलवतं, हेलकावे वाढत जातात आणि झोत जातो. म्हणून क्रोमॅटिसिटी शून्यावर, किंवा किंचित अधिक आणायची.

त्यासाठी सेक्स्टुपोल. पंगतीत खवय्ये एका टोकाला बसवले आणि वाढपी त्या टोकाकडे जाताना हात सैल सोडत गेला, तर ज्याला त्याला पुरेसं मिळतं. वळणानंतर जास्त ऊर्जेवाले इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूला सरकतात, आणि सेक्स्टुपोलची आवळण्याची ताकद मध्यापासूनच्या अंतराबरोबर वाढते. म्हणून इंडस-२ मध्ये तो दोन डायपोलांच्या मध्ये बसवला आहे. सरळ पट्ट्यात हा सरकाव मुद्दाम शून्य केलेला असतो. तिथे सेक्स्टुपोल लावणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन प्रकार लागतात, आडव्यासाठी एक आणि उभ्यासाठी एक. एकाला हात लावला की दुसऱ्याचा हिशोब बिघडतो, म्हणून दोन्ही समीकरणं एकदमच सोडवा.

क्रोमॅटिसिटी अधिक एकवर आली की नवशिक्या पेढे मागवतो. थांबा. ऊर्जा बरोबर असूनही जरा लांब हेलकावणाऱ्या इलेक्ट्रॉनालाही सेक्स्टुपोल धक्का देतो, आणि तो अंतराच्या वर्गानं वाढतो. इलेक्ट्रॉन सुखरूप राहील अशी जागा, म्हणजे डायनॅमिक ॲपर्चर, आक्रसत जाते. नवा झोत रिंगमध्ये बाजूनं शिरतो. त्याला नेमकी तीच जागा हवी असते. झोत बारीक करायला लॅटिस जितकी कडक आवळाल, तितका सरकाव कमी, तितके सेक्स्टुपोल जबर. संगणकावर हजारो फेऱ्या चालवून बघितल्याशिवाय लोखंडाची ऑर्डर देऊ नका.

तरीही झोत टिकला नाही तर सेक्स्टुपोलच्या केबल्स तपासा. सगळ्या उलट्या जोडल्या असतील तर क्रोमॅटिसिटी जाण्याऐवजी जवळपास दुप्पट होते. चुंबक निर्दोष निघाले तर नळीत बघा. जिनिव्याच्या ‘लेप’ रिंगमध्ये १९९६ साली झोत पुढे सरकेना, तेव्हा आत बिअरच्या दोन रिकाम्या बाटल्या सापडल्या. हा उपाय यादीत शेवटी ठेवा, कारण त्यासाठी निर्वात मोडावा लागतो.