कोपऱ्यावरच्या बंगल्याचं झीरो बिल

अहो, जरा इकडे कुंपणाशी या ना. ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या साहेबांना लाईटबिल आलं! दिवाळीपासून सगळ्या गल्लीला ऐकवत होते, "आता आमचं बिल झीरो." आणि नेट मीटर बसल्यावरचं पहिलं बिल काल दारात. स्थिर आकार कुठं चुकलाय हो कुणाला? वीज लागो न लागो, तेवढा भरावाच लागतो. त्यांच्या बाई सांगत होत्या, साहेबांनी दोनदा चष्मा पुसून बिल वाचलं म्हणे.

तसं त्यांचं सुरुवातीपासूनच... जाऊ दे. नाही, सांगतेच. गच्चीवर सोलर बसवायची ती सूर्यघर योजना आली २०२४ ला, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हे वारं. घरात माणसं दोन. महिन्याला दीडशे युनिट जळत असतील नसतील. बसवायला आलेला पोरगा बिचारा सरळ सांगत होता, "काका, दोन किलोवॅट पुष्कळ झाले." एका किलोवॅटला दिवसाचे चारेक युनिट धरतात, म्हणजे हिशेब झालाच की. पण समोरच्यांनी तीन टाकलेत ना! मग यांना पाचच हवेत. वर मनात मांडे, सबसिडीही तेवढी वाढेल. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, की झालं. ७८,०००. पुढं पाच टाका नाहीतर दहा, दमडी जास्त नाही. हे त्या पोरानं सांगितलं तेव्हा मी इथंच कपडे वाळत घालत होते. साहेब म्हणाले, "माहितीय मला, माहितीय." पण तोंड एवढंसं झालेलं. आता उरलेली वीज जाते तारेतून बाहेर, आणि ३१ मार्चला शिल्लक युनिटांचे मिळतात किरकोळ पैसे.

तर काय सांगत होते... हां, चैत्रगौरीचं हळदीकुंकू. तुम्ही माहेरी होतात ना तेव्हा? अहो, काय मिस केलंत! भर दुपारी चार वाजता, सगळ्याजणी जमलेल्या, आंब्याची डाळ, पन्हं, सगळं साग्रसंगीत. आणि लाईट गेले. आम्ही निवांत, म्हटलं यांच्याकडे काय, सोलर आहे. पण पंखा बंदच! बाहेर डोळे दिपतील असं ऊन, छतावर दहा पॅनेल, आणि खाली आम्ही पदरानं वारा घेतोय. बाईंनी आत जाऊन साहेबांना विचारलं, ते इन्व्हर्टरची बटणं दाबत बसले. शेवटी आमच्या ह्यांना फोन लावला. हे म्हणाले, बॅटरी नसेल तर सोलर मुद्दामच बंद पडतं. तारेत वीज नाही असं समजून वायरमन खांबावर चढतो, तेव्हा आपल्या गच्चीवरून त्याला शॉक बसायला नको. बरोबरच आहे ते. पण साहेबांना हे विकताना कुणी सांगितलं नव्हतं, की त्यांनी ऐकलं नव्हतं, देव जाणे. बाई कैरी वाढताना कुणाकडे बघेनात.

त्यात बाईंचं वेगळंच दुखणं. गच्ची गेली हो! कुरडया, सांडगे, सगळं पॅनेलच्या सावलीत. "ऊन सगळं यांनी घेतलं, मला काय ठेवलं?" असं माझ्यापाशी म्हणाल्या. तुम्ही कुठं बोलू नका.

आणि ते माडाचं प्रकरण तर तुम्हाला ठाऊकच आहे. माडवाल्या वहिनींना साहेब म्हणाले, झावळ्या छाटा, दुपारी तीनला आमच्या पॅनेलवर सावली पडते. एका पॅनेलवर सावली आली की अख्ख्या ओळीचा जोर उतरतो, ते काही खोटं नाही. पण वहिनी काय ऐकतायत? "माड माझ्या सासऱ्यांनी लावलाय. तुमची पॅनेलं काल आली." खटकन खिडकी लावली.

खरी बाजी कुणी मारली सांगू? गिरणीवाल्या अण्णांनी! गाजावाजा नाही, पेढे नाहीत. धंद्याला ती घरगुती सबसिडी मिळत नाही, तरी पत्र्यावर पॅनेल टाकली. गिरणी चालते दिवसा, ऊनही दिवसा. जेवढी वीज येते तेवढी तिथल्या तिथं दळणात. शिवाय सीएनं ४० टक्के घसारा दाखवून करही वाचवला म्हणे. मी ज्वारी टाकायला गेले तर भिंतीवरच्या इन्व्हर्टरवर आकडा पळतोय, आणि अण्णा पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटानं काच पुसून मला दाखवतायत. एवढा आनंद त्यांच्या तोंडावर मी पोराच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

त्यांची मंडळी परवा शिर्डीला जाऊन आली. तिथं प्रसादालयात उन्हाच्या वाफेवर स्वयंपाक होतो ना, त्या आरशांच्या ७३ मोठाल्या ताटल्या... २००९ पासून चाललंय ते, आणि या आत्ता येऊन मला सांगतायत! आमच्या कराडच्या नणंदेचंही तेच. पाटणकडची मान्याचीवाडी सौरग्राम झाली, तर जशी काही हिनंच पॅनेलं चढवली.

बरं, मुख्य बातमी राहिलीच की. हळू बोलते. माडवाल्या वहिनींनीच अर्ज केलाय सूर्यघरचा! काल माणूस गच्ची मोजून गेला. आणि जाताना काय म्हणाला माहितीय? "ताई, सगळं छान आहे, पण हा माड..."

साहेब फाटकातच उभे होते.