नानांच्या खोलीतला निळा उजेड

अहो वहिनी, थांबा की जरा, ती चादर काही पळून जात नाही. नानांचं कळलं का? छे, तब्येत ठणठणीत आहे हो. मी म्हणतेय ते गेमचं. चार नंबरच्या काकूंनी अख्ख्या कॉलनीत आवई उठवली होती ना, की सत्तरी उलटल्यावर नानांना पोरासोरांसारखं गेमचं वेड लागलंय, रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत खोलीत निळा उजेड असतो, कानाला हेडफोन, हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. त्यात काकूंचं तिखटमीठ! पैसे लावून खेळतात असंसुद्धा म्हणाल्या म्हणे कुणाला तरी. मी काल स्वतः जाऊन बघून आले. नाना बघत होते मुलाची, नितीनची मुंज. 1991 सालची. आणि त्यात तुम्ही पण आहात बरं का, हिरव्या शालूत, जिलबीच्या ताटाशी. पुढचं सांगत नाही.

आता यंत्र गेमचंच आहे, तेवढं काकूंचं खरं. स्टीम डेक म्हणतात त्याला. व्हॉल्व्ह नावाची अमेरिकन कंपनी आहे, तिने 2022च्या फेब्रुवारीत काढलं. नितीनने स्वतःसाठी नवं घेतलं आणि जुनं दिवाळीला आला तेव्हा बापाच्या हातात ठेवलं, म्हणाला, "बाबा, यावर बुद्धिबळ खेळा." नानांनी एक डाव मांडला, हरले, आणि ते यंत्र टीव्हीच्या कपाटात गेलं, ते या मुंजीसाठीच बाहेर आलं. मधे पडदा सात इंची, दोन्ही बाजूंना बटणं, काड्या आणि दोन चौकोनी टचपॅड. वजन 669 ग्रॅम. हातात धरून बघा म्हणजे कळेल. नाना पोटावर उशी घेतात आणि तीवर ते टेकवतात, मग मनगट दुखत नाही.

पण मुद्दा वेगळाच आहे. हे दिसतं खेळणं, आत आहे सरळ सरळ संगणक. लिनक्स आहे त्यात. पॉवरचं बटण दाबून धरलं की एक यादी येते, त्यात डेस्कटॉपवर जायचा पर्याय असतो. तो निवडला की गेमबिम सगळं बाजूला आणि समोर आपल्या ऑफिसात असायचा तसा डेस्कटॉप. फोल्डर, फाइली, कचऱ्याची टोपली, सगळं जिथल्या तिथे. फक्त माऊस नाही. उजव्या अंगठ्याखालच्या पॅडवर बोट फिरवलं की बाण हलतो. आणि क्लिकची गंमत ऐका. उजव्या तर्जनीखालचं बटण दाबलं तर डावी क्लिक, डाव्या तर्जनीखालचं दाबलं तर उजवी. नाना म्हणाले, "आमच्या झेडपीत असाच कारभार होता, डावीकडच्या टेबलाचं काम उजवीकडे."

तिथल्या दुकानातून, म्हणजे दुकान कसलं, फुकट प्रोग्रामांचं कोठार ते, मी त्यांना व्हीएलसी उतरवून दिला. तो नारिंगी-पांढरा शंकू बघितलाय ना तुम्ही, रस्त्याचं काम चालू असताना ठेवतात तसा? तोच. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी नव्वदच्या दशकात सुरू केलेलं काम आहे ते. आणि त्याला पथ्यपाणी काही नाही, समोर येईल ते खातो. नानांच्या कॅसेटी मागे एका दुकानदाराने डीव्हीडीवर करून दिल्या होत्या. कोणत्या दुकानदाराने ते विचारू नका, पैसे घेतले दामदुप्पट आणि वेष्टणावर मुंजीच्या जागी लग्न लिहिलंन. त्या डीव्हीडींमधलं सगळं घरच्या संगणकात घेतलेलं होतंच. ते फोल्डर वायफायवर सगळ्यांना दिसेल असं उघडं केलं, डेकवरून तिथे गेलो, फाइलीवर क्लिक केलं, आणि बटू उभा! काही बदलायला लागलं नाही, काही कॉपी करायला लागलं नाही. बाहेरगावी न्यायचं असेल तर बोटाच्या नखाएवढं मायक्रोएसडी कार्ड असतं, त्यावर घालायचं. खाली खाच आहे त्याला.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं. वहिनी, मी बँकेत ईडीपीला, म्हणजे संगणक विभागात होते, आणि आमच्या मंदारकडे पीएसपी होतं, असंच हातात धरून खेळायचं यंत्र, म्हणून मला यातलं अप्रूप कळतं. आठवतं का ते काळं, चकचकीत? सोनीने 2004च्या डिसेंबरात जपानात आणलं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत. पडदा 4.3 इंची, आणि त्या काळात तो बघून माणसं "अरे वा" म्हणायची. गाणी, फोटो, सिनेमे सगळं चालतं म्हणून मंदारने हट्ट धरला. चालायचं, नाही असं नाही. पण चालवून घेताना आईचा जीव जायचा.

एक तर संगणकावर जे पडलेलं असायचं, ते पीएसपीला जसंच्या तसं चालायचं नाही. आधी त्याचं एमपीफोर करायचं, तेही त्याला हवं तसलं. पीएसपी व्हिडिओ नाइन नावाचा फुकट प्रोग्राम होता, तो लावून झोपायचं. आमचा संगणक रात्रभर घरघरायचा. मग ती फाइल मेमरी स्टिकवर ठेवायची, पण कुठेही नाही. एमपी रूट नावाचं फोल्डर, त्यात शंभर एमएनव्ही शून्य एक नावाचं फोल्डर, आणि त्यात फाइल. तिचं नावही आपल्या मनाचं नाही, एमफोरव्ही आणि पुढे पाच आकडे. एक अक्षर चुकलं की यंत्र म्हणणार, व्हिडिओच नाहीत. पाठ होतं हो मला सगळं, अथर्वशीर्षाच्या खालोखाल. पुढे पुढे नव्या फर्मवेअरने, म्हणजे यंत्राच्या आतल्या प्रोग्रामने, ही सोवळ्याची अट काढली. आणि अमेरिकेत यंत्राबरोबर जी स्टिक द्यायचे ती होती 32 एमबीची. जीबी नव्हे, एमबी! त्यात सिनेमा कसला बसतोय, मोजकी गाणी फार तर.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. पडदा होता 480 बाय 272 ठिपक्यांचा. सोनीची स्वतःची छोटी तबकडी होती, यूएमडी, 1.8 जीबीची, तिच्यावर हॉलीवूडचे सिनेमे विकायचे. तो सिनेमा लावला की पडदाभर स्वच्छ चित्र. आणि आपण घरून नेलेला व्हिडिओ? त्याला सुरुवातीला 320 बाय 240 एवढ्या ठिपक्यांचीच मुभा. म्हणजे यंत्राच्या अंगात बळ होतं, पडद्यावर जागा होती, तरी घरच्या मालाला आखडता हात. 2007 साली कधीतरी नवं फर्मवेअर आलं आणि ती वेसण सुटली. यंत्र तेच, चिप तीच! मग आधीची दोन वर्षं काय अडलं होतं? तबकड्या खपवायच्या होत्या, असा माझा आपला संशय. आणि खपल्या का? नाही खपल्या. एकच सिनेमा डीव्हीडीवरही घ्यायचा आणि यूएमडीवरही घ्यायचा, एवढे पैसे कुणाला जड झालेत?

निनटेन्डोलाही सुचलं होतं हे. 2005 साली त्यांनी जपानात प्ले-यान नावाचं कार्ट्रिज काढलं, गेमबॉयच्या खाचेत बसवायचं आणि त्यात एसडी कार्ड घालून आपली गाणी, आपले व्हिडिओ चालवायचे. पण त्यांचंच स्विच बघा. 2017 पासून घराघरात आहे, आमच्या भाच्याकडे पण आहे, आणि त्यात घरचा व्हिडिओ बघायची सोयच नाही दिलेली. अल्बममध्ये काय, तर खेळताना टिपलेली चित्रं आणि तीस-तीस सेकंदांचे तुकडे. पीएसपीनंतर आलेल्या सोनीच्या व्हिटाने तर कहर केला होता. पीएसपी निदान संगणकाला जोडलं की पेनड्राइव्हसारखं उघडायचं. व्हिटा उघडायचंच नाही. सोनीचाच प्रोग्राम संगणकावर घाला, त्याच्याच हातून फाइल न्या, आणि कार्डसुद्धा त्यांचंच महागडं. पुढे 2023 साली त्यांनी प्लेस्टेशन पोर्टल काढलं, आठ इंची सुंदर पडदा, पण घरात त्यांचं पाचवं प्लेस्टेशन नसेल तर तेव्हा ती नुसती शोभेची वस्तू होती.

म्हणून म्हणते, नितीनने बापाला दिलेलं यंत्र थोर आहे ते बुद्धिबळासाठी नाही. कंपनीने पैसे घेतले आणि वर विचारलं नाही की तुम्ही यात काय बघणार. एवढंच पाहिजे असतं हो माणसाला. आणि ज्यांनी विचारलं त्यांना लोकांनी सरळ केलं. कोडी माहीत आहे का, घरचे सिनेमे, गाणी नीट मांडून दाखवणारा? तो जन्मला तोच गेमच्या यंत्रावर. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सची कुलपं पोरांनी उघडली आणि हा प्रोग्राम आत घातला. एक्सबॉक्स मीडिया सेंटर नाव होतं तेव्हा, 2014 साली कोडी केलं. आज टीव्हीवर, मोबाइलवर, कुठेही चालतो.

बरं, काल गेले तर नानांचं भांडण चाललेलं. जुनी कॅसेट म्हणजे चित्र आखूड, चारास तीनचं. डेकचा पडदा रुंद. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. नानांना त्या खुपल्या. त्यांनी मेन्यूत जाऊन चित्र ताणून पडदाभर केलं, आणि त्याच वेळी नानी मागून आल्या. बघतात तर स्वतः मांडवात, जवळपास सव्वापट रुंद! "मी तेव्हा एवढी नव्हते," म्हणाल्या, "आधी ते होतं तसं कर." केलं त्यांनी मुकाट्याने. मी पण नानींच्याच बाजूची. पट्ट्या राहू द्याव्यात.

दुसरी एक खोड होती ती मी काढून दिली. बटू भिक्षेची झोळी पुढे करतो ना, तेव्हा त्याच्या हाताच्या कडेला फणीचे दात आल्यासारख्या आडव्या रेघा दिसत होत्या. माणूस स्थिर असला की काही नाही, हलला की रेघा. नानांना वाटलं कॅसेट खराब. तसं नाही. आपल्याकडचा जुना टीव्ही एका चित्राच्या आधी विषम ओळी दाखवायचा, मग सम ओळी, सेकंदाला पन्नास वेळा. काचेच्या टीव्हीवर ते डोळ्यांना कळायचं नाही. आताचा पडदा दोन्ही ओळी एकदम मांडतो, आणि मधल्या वेळात हात पुढे गेलेला असतो, म्हणून दात. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस असतं, ते चालू केलं की संपलं. नानींनी लगेच चहा टाकला. आल्याचा होता, छान.

बॅटरी? व्हॉल्व्ह स्वतः दोन ते आठ तास सांगते. ते दोन तास भारी गेमवाल्यांचे. मुंज बघायला कितीशी ताकद लागते? तीन तासांची एक कॅसेट सहज होते एका दमात. रात्री अकराचं कोडं सुटलं ना आता? एक कॅसेट म्हणजे तीन तास, आठला बसले की अकरा वाजणारच. काकूंना सांगा तेवढं. नाहीतर नको, मीच सांगते, त्यांचं तोंड बघायचंय मला.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या माळ्यावर कॅसेटींचं खोकं आहे, मला माहीत आहे. भाऊसाहेबांच्या साठीचं चित्रण त्यात आहे, तुम्हीच म्हणालात. डेक असो नसो, ते नंतर बघू, मोबाइलवर पण दिसेल. पण आधी कॅसेटी खाली काढा. पावसाळ्यात बुरशी धरते त्या फितीला, पांढरे ठिपके दिसले की समजायचं. आणि त्या लावायचा व्हीसीआर आता नवा मिळत नाही. शेवटपर्यंत बनवणारी फुनाई म्हणून जपानी कंपनी होती, तिनेही 2016च्या जुलैत काम थांबवलं. नानांचा चालू स्थितीत आहे, हेड साफ केलंय, आणि द्यायला ते तयार आहेत. रविवारी सकाळी खोकं घेऊन या.